आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि मोजण्याची सवय

देशाच्या विज्ञानवार्तांमध्ये गेल्या काही काळापासून एक आकडा वारंवार वाचायला मिळतो : 38,000. ‘इंडियाएआय’ अभियानाखाली संशोधक, विद्यार्थी आणि नवउद्योग यांच्यासाठी सवलतीच्या दरात खुल्या केलेल्या ग्राफिक्स प्रोसेसरांची ही संख्या. मार्च 2024मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या अभियानासाठी 10,371.92 कोटी रुपये मंजूर केले, तेव्हा उद्दिष्ट 10,000 प्रोसेसरांचे होते. ते तिपटीहून अधिक ओलांडले गेले, सरासरी दर ताशी 65 रुपयांच्या आसपास ठेवला गेला, आणि बातमीचा मथळा आपोआप तयार झाला. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण आकडा जितका मोठा, तितकी एक साधी शंका विचारायची राहून जाते : या प्रोसेसरांना काम पुरवणारे कोण, आणि ते किती वेगाने पुरवते?

हीच शंका फार लहान प्रमाणावर, पण तितक्याच तीव्रतेने, रायपूरच्या समता कॉलनीतील घरांमध्येही उपस्थित होते. चौबे कॉलनीला लागून असलेली ही वस्ती. जवळच महाराष्ट्र मंडळ, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या छत्तीसगडात राहिलेल्या मराठी कुटुंबांचाही इथे वावर. येथील एखाद्या घरात अकरावी-बारावीतला मुलगा किंवा मुलगी ‘ऑनलाइन खेळ अडखळतो, नवे ग्राफिक्स कार्ड हवे’ असा आग्रह धरते, तेव्हा आईवडिलांपुढे नेमका तोच प्रश्न असतो, जो अभियानाच्या अधिकाऱ्यांपुढे असायला हवा. पैसा कोठे घातला तर काम खरोखर वेगाने होईल?

माझे मत आरंभीच सांगतो. ग्राफिक्स कार्डाची किंमत अथवा संख्या ही संगणकाच्या सामर्थ्याची मोजपट्टी नव्हे. सामर्थ्य जोडीत असते. आणि जोडी जुळली की नाही, हे दुकानदाराच्या शब्दावर किंवा संकेतस्थळावरच्या टक्केवारीवर ठरत नाही, ते मोजून ठरते. मोजण्याची ही सवय विद्यार्थ्यांना लावण्यासाठी ऑनलाइन खेळाइतकी सोपी, स्वस्त आणि आवडीची प्रयोगशाळा दुसरी नाही. ती आपण वाया घालवत आहोत, ही माझी तक्रार आहे.

एका फ्रेमचा जन्म

पडद्यावर दिसणारा खेळ म्हणजे स्थिर चित्रांची भराभर बदलणारी मालिका. प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमला 16.67 मिलिसेकंद मिळतात. 144 हव्या असतील, तर जेमतेम 6.94.

या अवधीत दोन कारागीर काम करतात. प्रोसेसर आधी ठरवतो की जगात काय घडले : खेळाडूने कोणती कळ दाबली, सर्व्हरकडून इतर खेळाडूंची कोणती स्थिती आली, गोळी कोणाला लागली, भिंत कोसळली तर तिचे तुकडे कोठे पडले. मग तो ग्राफिक्स कार्डाला रेखाटनाचे आदेश लिहून देतो. कार्ड ते आदेश घेऊन प्रत्येक बिंदूचा रंग काढते. 1920 गुणिले 1080 अशा पडद्यावर 20,73,600 बिंदू असतात. ‘4के’ पडद्यावर त्याच्या चौपट, 82,94,400.

स्वयंपाकघरात एकजण पोळ्या लाटतो आणि दुसरा भाजतो, अगदी तशी ही व्यवस्था आहे. एक पोळी तव्यावर असताना दुसरी पोळपाटावर असते. म्हणून ताटात किती वेळाने पोळी पडेल हे दोघांच्या वेळांच्या बेरजेवर अवलंबून नसते, दोघांतल्या मंद माणसावर अवलंबून असते. लाटायला 10 मिलिसेकंद आणि भाजायला 6 लागत असतील, तर दर 10 मिलिसेकंदांनी एक फ्रेम तयार होईल. म्हणजे सेकंदाला 100. आता भाजणाऱ्याच्या जागी दुप्पट वेगाचा माणूस आणा. भाजायला 3 मिलिसेकंद लागतील, तवा मोकळा तापत राहील, आणि फ्रेम मिळतील पूर्वीइतक्याच, 100. नव्या कार्डावर खर्च केलेला पैसा तव्याखालच्या ज्वाळेत गेला.

उलट बाजूही पाहा. तोच खेळ ‘4के’ पडद्यावर चालवला, तर भाजण्याचे काम सुमारे चौपट होते. 6चे 24 मिलिसेकंद झाले असे धरू. आता सेकंदाला जेमतेम 41 फ्रेम मिळतील, आणि प्रोसेसर कितीही महाग घेतला तरी त्यात वाढ होणार नाही. तीच जोडी, तोच खेळ. केवळ पडदा बदलला आणि अडथळ्याची जागा बदलली.

म्हणूनच ‘हा प्रोसेसर या कार्डाला इतके टक्के अडवतो’ असे सांगणाऱ्या संकेतस्थळांवर माझा विश्वास नाही. दोन भागांची नावे टाका आणि एक टक्केवारी मिळवा, एवढेच तेथे घडते. अडथळा हा दोन वस्तूंचा स्थिर गुणधर्म असता, तर ते योग्यही ठरले असते. पण तो खेळ, पडद्याची सूक्ष्मता, चित्राचा दर्जा आणि सामन्यातील प्रसंग या सर्वांचा मिळून परिणाम असतो. शांत गल्लीत उभे असताना अडवणारे कार्ड, दहा खेळाडू एकत्र भिडताच मोकळे होते आणि प्रोसेसर अडवू लागतो. दर क्षणाला बदलणाऱ्या राशीला एकच आकडा चिकटवणे हे विज्ञान नव्हे, विज्ञानाचा वेश आहे.

ऑनलाइन खेळ वेगळा का

एकट्याने खेळायच्या कथाप्रधान खेळांत दृश्यांची श्रीमंती महत्त्वाची असते. तेथे बहुधा ग्राफिक्स कार्डच घाम गाळते. स्पर्धात्मक ऑनलाइन खेळांचे तसे नाही. ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक 2’ खेळणारे अनेकजण चित्राचा दर्जा मुद्दाम कमी ठेवतात. त्यांना सौंदर्य नको, वेग हवा असतो. दर्जा उतरला की कार्डाचे ओझे हलके होते. प्रोसेसरचे ओझे मात्र फारसे कमी होत नाही, कारण सर्व्हरकडून येणारी माहिती, खेळाचे नियम आणि आदेशलेखन तितकेच राहते. परिणाम असा की, ज्या खेळांसाठी मुले सर्वांत महाग कार्ड मागतात, त्याच खेळांत ते कार्ड अर्धवट रिकामे बसण्याचा संभव अधिक.

याला आणखी एक कारण आहे. प्रोसेसरला आठ गाभे असले, तरी खेळाचे मुख्य सूत्र बहुधा एकाच गाभ्यावर चालते. कोणाच्या गोळीचा परिणाम आधी मोजायचा हे क्रमाने ठरवावे लागते. ते आठ जणांत वाटता येत नाही. 1967 साली जीन अ‍ॅम्डाल यांनी मांडलेला विचार येथे तंतोतंत लागू पडतो : कामाचा जो भाग क्रमानेच करावा लागतो, तो सगळ्या वेगाला मर्यादा घालतो. शंभरातील पाच भाग असे असतील, तर हजार कारागीर लावूनही काम वीसपटीपेक्षा वेगाने होणार नाही. म्हणून संगणकात ‘प्रोसेसरचा वापर 30 टक्के’ असे दिसले म्हणजे प्रोसेसर निवांत आहे, हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. सात गाभे बरेचसे रिकामे आणि एक गाभा पूर्ण थकलेला, अशी ती सरासरी असू शकते.

प्रोसेसरच्या आतल्या स्मृतीचे महत्त्वही याच खेळांत उघड झाले. एप्रिल 2022मध्ये आलेल्या एएमडीच्या ‘रायझन 7 5800एक्स3डी’ या प्रोसेसरात गाभ्यांची संख्या वाढवलेली नव्हती. त्याचा घोषित वेग तर आधीच्या भावंडाहून थोडा कमीच होता. वाढवली होती ती तिसऱ्या पातळीची कॅश स्मृती, 32 वरून 96 मेगाबाइट. खेळाला वारंवार लागणारी माहिती हाताशी राहिली, रॅमपर्यंतच्या फेऱ्या कमी झाल्या आणि अनेक खेळांत फ्रेमांची संख्या स्पष्टपणे वाढली. ना अधिक गाभे, ना अधिक गिगाहर्ट्‌झ. केवळ वाट पाहणे कमी झाले.

वाट पाहण्याच्या अशा जागा आणखीही आहेत, आणि मध्यमवर्गीय घरातल्या संगणकात त्या हटकून सापडतात. डीडीआर4-3200 प्रकारच्या रॅमची एकच पट्टी बसवली, तर सेकंदाला जास्तीत जास्त 25.6 गिगाबाइट माहिती वाहते. तेवढीच रॅम दोन पट्ट्यांत विभागून योग्य खाचांत बसवली, तर 51.2. दोन्ही यंत्रांच्या जाहिरातीत ‘16 जीबी’ एवढेच लिहिलेले असते. जानेवारी 2022मध्ये आलेले ‘रेडियन आरएक्स 6500 एक्सटी’ हे कार्ड आणखी बोलके उदाहरण आहे. त्याच्यात मदरबोर्डशी जोडणाऱ्या वाहिन्या सोळाऐवजी चारच होत्या. पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीच्या बोर्डावर ते निभावून जाई. तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डावर वाट निम्मी होई, आणि कार्डाची स्वतःची चार गिगाबाइट स्मृती भरली की त्याचा वेग चांगलाच घसरे. म्हणजे ज्यांच्याकडे जुना संगणक होता आणि ज्यांना स्वस्त कार्डाची सर्वाधिक गरज होती, त्यांनाच ते कार्ड सर्वांत कमी उपयोगी पडले. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपली म्हण विचारते. येथे आडात पाणी होते. दोर तोकडा होता.

सरासरी फसवते

विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे असा मुद्दा पुढचा आहे. समजा, एका सेकंदात 100 फ्रेम आल्या. उत्तम! आता त्या कशा आल्या ते पाहा. 99 फ्रेमांना प्रत्येकी 8 मिलिसेकंद लागले, म्हणजे एकूण 792. शेवटच्या एका फ्रेमला उरलेले 208 मिलिसेकंद लागले. सरासरी शंभरच. पण खेळाडूच्या दृष्टीने सेकंदाचा पाचवा हिस्सा जग गोठून गेले. ‘व्हॅलोरंट’चा सर्व्हर सेकंदाला 128 वेळा जगाची स्थिती अद्ययावत करतो, म्हणजे साधारण दर 7.8 मिलिसेकंदांनी. 208 मिलिसेकंदांत त्याने 26 वेळा जग पुढे नेले. आपल्या खेळाडूने त्यातले काहीच पाहिले नाही. तो हरला, आणि दोष इंटरनेटला दिला गेला.

अशी गोठण बहुधा प्रोसेसर, रॅम किंवा साठवणुकीच्या बाजूने येते आणि सरासरीत लपते. म्हणून जाणकार परीक्षक सर्वांत मंद एक टक्का फ्रेमांचा वेग वेगळा मोजतात. वर्गातल्या सर्वांच्या गुणांची सरासरी 70 असली, म्हणून कोणी नापास झाले नाही असे आपण म्हणत नाही. मग फ्रेमांच्या बाबतीत सरासरीवर समाधान का मानावे?

इंटरनेटचा दोष किती आणि यंत्राचा किती, हेही वेगळे काढता येते. रायपूर ते मुंबई हे सरळ रेषेतील अंतर सुमारे साडेनऊशे किलोमीटर. काचतंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे मुंबईच्या सर्व्हरपर्यंत जाऊन येण्यास निसर्गनियमानेच साडेनऊ मिलिसेकंद लागणार. प्रत्यक्षात तार वळणे घेत जाते आणि वाटेत उपकरणे असतात, म्हणून त्याहून बरेच अधिक. सर्व्हर सिंगापूरचा असेल, तर सव्वातीन हजार किलोमीटरसाठी किमान 33 मिलिसेकंद. जगातले कोणतेही ग्राफिक्स कार्ड यातला एक मिलिसेकंदही कमी करू शकत नाही. पण उलट दिशेने पाहिले, तर मंद जोडी या अवधीत स्वतःची भर नक्की घालते : कळ दाबल्यापासून प्रोसेसरने तिची दखल घेणे, कार्डाने चित्र काढणे, पडद्याने ते दाखवणे. सेकंदाला 30 फ्रेम देणाऱ्या यंत्रात एकेका फ्रेमचेच 33 मिलिसेकंद होतात. समता कॉलनीत बसून मुंबईच्या सर्व्हरवर खेळणारा खेळाडू अशा यंत्रामुळे जणू सिंगापूरच्या सर्व्हरवर जाऊन खेळतो.

रायपूरचा उन्हाळा हाही एक घटक

मे महिन्यात रायपूरचा पारा 44-45 अंशांवर जातो, हे येथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. संगणकाच्या जोडीचा विचार करताना मात्र हे विसरले जाते. चिपमधून बाहेर पडणारी उष्णता ही ढोबळमानाने चिप आणि खोली यांच्या तापमानातील फरकाच्या प्रमाणात असते. चिपची सुरक्षित मर्यादा 95 अंश धरली, तर 25 अंशांच्या खोलीत हा फरक 70 अंशांचा असतो. 40 अंशांच्या खोलीत 55 अंशांचाच उरतो. तोच पंखा, तेच धातूचे पाते, पण उष्णता वाहून नेण्याची क्षमता सुमारे एकपंचमांशाने घटली. मर्यादा गाठली की प्रोसेसर आणि कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. लॅपटॉपमध्ये दोघांची उष्णता बहुधा एकाच नळीतून बाहेर जाते. तेथे कार्ड तापले की प्रोसेसरही मंदावतो. म्हणून थंड प्रदेशातल्या वातानुकूलित खोलीत घेतलेली परीक्षणे पाहून येथे खरेदी करणे म्हणजे कोकणातल्या पावसाचा अंदाज घेऊन महासमुंदला धान पेरणे होय. मोठ्या कार्डाऐवजी हवा खेळती ठेवणारी पेटी आणि बरा पंखा घेतला, तर उन्हाळ्यात अधिक फ्रेम मिळू शकतात. हा सल्ला कोणत्याही जाहिरातीत सापडणार नाही; त्यात नफा कमी आहे.

मोबाइलवर खेळणाऱ्यांचा प्रश्न याच जातीचा आहे, फक्त निवड त्यांच्या हाती नाही. ‘बीजीएमआय’ चालवणाऱ्या फोनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपवर असतात, स्मृती सामाईक असते, पंखा नसतो. जोडी उत्पादकाने जुळवलेली. वीस मिनिटांनी फोन हाताला चटका देऊ लागतो आणि फ्रेम घसरतात, तेव्हा तीच जोडी तीच उष्णता वाटून घेत असते.

घरातून देशाकडे

आता पुन्हा त्या 38,000च्या आकड्याकडे वळू. लहान यंत्रात जे खरे, ते मोठ्यात आणखी खरे. पुण्याच्या सी-डॅकने 1991 साली ‘परम 8000’ उभा केला, तेव्हा त्याच्यातले ट्रान्सप्युटर एकेकटे फार बलवान नव्हते. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे यश त्यांना एकत्र कामाला लावण्यात होते. याच सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ नोव्हेंबर 2020मध्ये जगातील पाचशे महासंगणकांच्या यादीत 63वा आला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे : डीजीएक्स ए100 प्रकारचे 42 संच, प्रत्येक संचात आठ ग्राफिक्स प्रोसेसर, आणि त्या आठांना काम पुरवण्यासाठी प्रत्येकी 64 गाभ्यांचे दोन मुख्य प्रोसेसर. शिवाय संचांना एकमेकांशी बोलते ठेवणारे वेगवान जाळे. ज्यांनी हे उभारले त्यांना पोळी लाटणाऱ्याची किंमत ठाऊक होती.

दुसऱ्या टोकाला ‘विक्रम-3201’ आहे. इस्रो आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीने घडवलेला हा 32 बिटांचा प्रोसेसर 2 सप्टेंबर 2025 रोजी पंतप्रधानांना सादर झाला. तो 180 नॅनोमीटर तंत्राचा. ‘आजच्या फोनमधली चिप याहून कितीतरी पुढची’ असा उपहास तेव्हा ऐकू आला. पण प्रक्षेपकाला सेकंदाला 144 फ्रेम नको असतात. उणे 55 ते 125 अंश सेल्सिअसपर्यंत न डगमगता, ठरल्या क्षणी ठरलेले उत्तर देणारा प्रोसेसर हवा असतो. विक्रम त्या कामाशी जुळतो. जोडी म्हणजे केवळ दोन चिपांची नव्हे. चिप आणि काम यांचीही असते.

रायपूरकरांसाठी हा विषय दूरचा राहिलेला नाही. शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या नवा रायपूरमध्ये 3 मे 2025 रोजी मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांच्या हस्ते कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. हजारो ग्राफिक्स प्रोसेसर जेव्हा येथील उन्हाळ्यात चालतील, तेव्हा त्यांना थंड ठेवणे, वीज आणि पाणी पुरवणे आणि माहिती वेळेवर पोहोचवणे हेच खरे अभियांत्रिकी काम असेल. तेव्हा किती कार्डे बसवली, यापेक्षा त्यांतली किती प्रत्यक्ष कामात आहेत हे विचारणारे नागरिक आपल्याला हवेत. म्हणून माझी मागणी अशी : सार्वजनिक पैशाने उपलब्ध होणाऱ्या प्रत्येक गणनसेवेने कार्डांच्या संख्येसोबत त्यांच्या वापराचे प्रमाण आणि वाट पाहण्याचा काळही नियमित प्रसिद्ध करावा. 38,000 हा मथळा आहे. त्यातून किती काम निघाले, ही बातमी.

आक्षेप आणि उत्तरे

याला काही आक्षेप रास्तपणे घेतले जातील. पहिला : कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणात काम जवळजवळ पूर्णपणे समांतर विभागता येते, मग तेथे संख्या महत्त्वाची नाही का? आहे, निःसंशय. 38,000 कार्डे 10,000पेक्षा चांगलीच. पण समांतर भाग जितका वेगाने उरकतो, तितका उरलेला क्रमिक भाग ठळक होतो. चित्रे उलगडणे, माहिती साठवणुकीतून उचलणे, संचांमधील देवाणघेवाण : कार्डे वाढली की हीच कामे वाट अडवतात. संख्या वाढवण्याने अडथळा संपत नाही, तो जागा बदलतो.

दुसरा आक्षेप घरगुती आहे : आज मोठे कार्ड घेतले, तर उद्या प्रोसेसर बदलता येईल, मग दूरदृष्टी वाईट का? वाईट नाही, जर उद्याची तारीख ठरलेली असेल. परंतु कार्डाची किंमत काळाबरोबर घसरते, आणि रिकाम्या बसलेल्या सामर्थ्याचा घसारा कोणी परत देत नाही. 2025च्या उत्तरार्धापासून डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. त्यामुळे ‘पुढे पाहू’ म्हणून पुढे ढकललेला भाग महाग होऊ शकतो, हेही आपण पाहिले. ज्याला ‘4के’ पडद्यावर कथाप्रधान खेळ खेळायचे आहेत त्याने मोठे कार्ड जरूर घ्यावे. जो 1080च्या पडद्यावर केवळ स्पर्धात्मक खेळ खेळतो त्याच्यासाठी तोच सल्ला चुकीचा आहे.

तिसरा आक्षेप पालकांचा : खेळासारख्या क्षुल्लक गोष्टीसाठी एवढा खटाटोप कशाला? ऑगस्ट 2025मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याने पैसे लावून खेळण्यावर बंदी घातली, पण ई-स्पोर्ट्‌सना वैध स्पर्धात्मक क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. तेवढ्याने प्रत्येक मुलाने खेळाडू व्हावे असे नाही. खेळाच्या वेळेला मर्यादा असावी, अभ्यास आणि झोप यांवर त्याने आक्रमण करू नये, हे पालकांचे म्हणणे मी पूर्ण मान्य करतो. मी खेळाची वकिली करत नाही. खेळाच्या निमित्ताने होणाऱ्या मोजमापाची करतो.

चार मोजमापे

विद्यार्थी मित्रहो, पुढच्या वेळी घरात नव्या कार्डाचा विषय निघेल, तेव्हा आग्रहाऐवजी एक कागद पुढे ठेवा. त्यावर चार मोजमापे असू द्या.

पहिले : खेळातील फ्रेमांची मर्यादा काढून टाका, चित्राचा दर्जा तोच ठेवा आणि पडद्याची सूक्ष्मता निम्म्यावर आणा. फ्रेम लक्षणीय वाढल्या, तर कार्ड अडवत होते. जवळजवळ तितक्याच राहिल्या, तर अडथळा प्रोसेसर, रॅम किंवा अन्यत्र आहे, आणि नव्या कार्डाने काहीही होणार नाही.

दुसरे : प्रत्यक्ष सामन्यात ग्राफिक्स कार्डाचा वापर नोंदवा. मर्यादा काढलेली असूनही तो सतत 95 टक्क्यांच्या वर असेल, तर कार्ड पूर्ण राबते आहे. 60-70 टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर ते कोणाची तरी वाट पाहते आहे. प्रोसेसर पाहताना एकूण वापर नव्हे, प्रत्येक गाभ्याचा वेगळा वापर पाहा.

तिसरे : सरासरीसोबत सर्वांत मंद एक टक्का फ्रेम लिहा. दोन आकड्यांत मोठी दरी असेल, तर आधी रॅमच्या पट्ट्या, पार्श्वभूमीला चालणारे कार्यक्रम आणि साठवणूक तपासा. हे उपाय बहुधा कार्डापेक्षा पुष्कळ स्वस्त असतात.

चौथे : हीच मोजणी सकाळी गारव्यात आणि दुपारी उन्हाच्या तडाख्यात, अर्धा तास खेळून झाल्यावर, अशा दोन वेळा करा. तापमान सोबत लिहा. फरक दिसला, तर तुमचा शत्रू चिप नसून उष्णता आहे.

प्रत्येक मोजमाप किमान तीनदा घ्या आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. बाकी सारे स्थिर ठेवून एक चल बदलणे, निरीक्षण नोंदवणे, पुन्हा करून पाहणे आणि मगच निष्कर्ष काढणे, हे तुमच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीत लिहिलेलेच आहे. तेथे लोलकाची दोरी असते, येथे फ्रेमची वेळ. शाळा-महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांनी हा प्रयोग वर्षातून एकदा अधिकृतपणे करून घेतला, तर अ‍ॅम्डालचा नियम पाठ करण्याची गरज पडणार नाही.

या सगळ्यात पणाला लागलेली गोष्ट फ्रेमांची संख्या नाही. एखाद्या घरात कार्डासाठी बाजूला काढलेली रक्कम ही बहुतेकदा दुसऱ्या कशातून तरी वाचवलेली असते. ती चुकीच्या जागी गेली, तर मुलाचा विरस होतो आणि पालकांचा तंत्रज्ञानावरचाच नव्हे, मुलाच्या शब्दावरचाही विश्वास डळमळतो. मोजून आणलेला कागद हे दोन्ही वाचवतो. आणि जी मुले आज घरच्या संगणकाला ‘तू कोणाची वाट पाहतोस?’ असे विचारायला शिकतील, तीच उद्या देशाच्या महासंगणकांनाही तोच प्रश्न विचारतील.

तुमच्या यंत्राची चार मोजमापे घ्या आणि प्रतिसादात लिहा : कोणता खेळ, कोणता पडदा, खोलीचे तापमान किती, आणि वाट कोण पाहत होते.